सायकलीवरचा वानोळा

किशोरनं दोन्ही सायकलींत हवा भरली, अंगठ्यानं चाकं दाबून पाहिली आणि पुन्हा पंप लावला. आईला अडवता येत नाही हे कळल्यावर माणसानं करावं तरी काय! ट्यूब फुटेल म्हणून शेवटी मीच त्याच्या हातातून पंप काढून घेतला.

"बोली ध्यानात हाय ना, आई?"

"हाय ना बापा."

"म्हणून दाखव बरं."

शालूनं हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं, "दिवस बुडायच्या आत हिवरखेड. स्टँडवरून फोटो धाडाचा. नाई पोचलो त तू पिकप घेऊन येशीन, सायकली वर टाकशीन, आन् आमाले घरी आणशीन."

"आन्?"

"आन् मंग हा विषय घरात पुन्हा नाई काढाचा."

"बस." तो म्हणाला. त्याच्या तोंडावर ना राग होता ना जिंकल्याचा भाव. परीक्षेच्या दिवशी पोराला फाटकापर्यंत सोडायला आलेल्या बापाचा चेहरा असतो ना, तसा होता.

अंजनगावात शालूचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्यांचा पानमळा, आमचा भाजीचा मळा. वीस वर्षं मी मेथी-वांगी सायकलीवर लादून बाजारात नेली, त्यामुळं सायकल माझ्यासाठी काही नवलाची नाही. शालू मात्र त्रेपन्नाव्या वर्षी शिकली. त्याआधी दोन वर्षं तिच्या छातीत कळ आली, अमरावतीला नेलं, तिथं रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. तेव्हापासून घरच्यांनी तिला लोणच्याच्या बरणीसारखं उचलून फडताळात ठेवलं. बादली उचलू नको, जिना चढू नको, मळ्यात जाऊ नको. डॉक्टर म्हणाले, चाला. चाललं की गुडघे दुखत. म्हणून मी तिला माझ्या सायकलीवर बसवलं. आधी शहानूर नदीच्या पुलापर्यंत, मग पाच किलोमीटर, मग पंचवीस. एका सकाळी पुलावर टेकून चहा पिताना ती म्हणाली, "शके, नर्मदा पाहाची का वं?"

"परिक्रमा?"

"नाई वं बाई. नुसती पाहाची. पाय बुडवाचे आन् घरी याचं."

ओंकारेश्वरपर्यंत सहा दिवस. पहिला मुक्काम हिवरखेड, पन्नास किलोमीटर. डॉक्टरांनी हो म्हटलं. दम लागला की थांबा, गोळ्या चुकवू नका, एवढंच. किशोरनं ही बोली घातली.

आता माझं पाप सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्यामुळंच झालं. निघायच्या चार दिवस आधी मी शालूच्या नकळत फोन केले. या रस्त्याला दर दहा-बारा किलोमीटरवर माझं कोणी ना कोणी आहे. सगळ्यांना एकच सांगितलं, शालूची तब्येत नाजूक आहे, सहज दिसल्यासारखं थांबवा, पाणी पाजा, चेहरा पाहून घ्या. मला वाटलं, मी फार हुशारीचं काम केलं. वऱ्हाडात "पाणी पाजा" म्हटल्यावर नुसतं पाणी कोणी पाजत नाही, हे जन्मभर इथं राहून माझ्या ध्यानात आलं नाही.

साडेसहाला निघालो. डिसेंबरची थंडी, उजव्या हाताला सातपुडा धुक्यात अर्धा बुडालेला. कपाशीच्या शेतांत बाया कमरेला फडक्याचे ओटे बांधून वेचणीला लागल्या होत्या. एक मोटरसायकलवाला बाजूनं हळू झाला.

"काकू, कोठी निघाल्या?"

"नर्मदेवर," शालू म्हणाली.

"सायकलीनं?"

"नाई. सायकलीले फिराले आणलं, आमी संगं आलो."

तो वळून वळून पाहत गेला. शालू हसली आणि तिचा दम लागला नाही, हे मी गुपचूप मोजलं.

पणजच्या फाट्यावर गोदाबाई उभी. माझी मावसबहीण. उभी म्हणजे कशी, अंगावर ठेवणीतलं लुगडं, सोबत दोन शेजारणी, आणि हातात पाण्याचा तांब्या.

"अव माय, शकुन! तू इकडं कशी काय?" तिनं इतक्या मोठ्यानं विचारलं की नाटकात काम मिळालं असतं.

तांब्यातलं पाणी पिऊन होईतो पोहे आले, मग चहा, मग "आता केळीचा बाग त पाहूनच जा." शालूनं तिथं सकाळची गोळी घेतली आणि गोळ्यांचा बटवा हाताशी राहावा म्हणून हँडलला अडकवलेल्या थैलीत खोचला. त्याच थैलीत नंतर केळी भरली गेली आणि ती माझ्या सायकलीवर चढली. कारण निघताना वानोळा आला.

वानोळा म्हणजे आपल्या शेतातलं, आपल्या घरचं, पाहुण्याच्या हाती दिलेलं. त्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की "आमच्या घरचं चालत नाई काय वं तुमाले?" हे वाक्य येतं, आणि ते पुढल्या तीन लग्नांत ऐकावं लागतं. केळीच्या दोन फण्या, दोन किलो तुरीची डाळ, आणि गोदाबाईनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून शिवलेल्या पिशवीत मुगवड्या.

"गोदाबाई, सायकल हाय वं, ट्रक नाई," मी म्हटलं.

"वड्याइले काय वजन असते!" ती म्हणाली.

पणजहून निघालो तेव्हा साडेनऊ वाजले होते. तीन तासांत दहा-बारा किलोमीटर.

पुढं वामनरावांचा पानमळा. आमच्या ह्यांचे जुने दोस्त. ते रस्त्याच्या कडेला खाट टाकून बसले होते, आम्ही दिसताच उठले. इथं तरी नुसतं पाणी असं मी मनात म्हणत होते, पण शालूनं मळा पाहिला आणि तीच थांबली. पानमळ्यात जोडे घालून जात नाहीत, देवघरच ते. तिनं बूट काढले. किशोरनं अमरावतीहून आणलेले ते बूट, त्यांच्या दोऱ्यांना दुहेरी गाठ. गाठ सुटायला पाच मिनिटं. मग मोजे. मग ती वेलीवेलीनं हिंडली, पानाच्या मागं बोट फिरवून पाहत, "ह्या सरीले पाणी जास्त होऊन राह्यलं, भाऊ." दोन वर्षांत तिला तिच्याच मळ्यात कोणी जाऊ दिलं नव्हतं. माझ्याच्यानं तिला चल म्हणवलं नाही. मग पुन्हा मोजे, बूट, दोऱ्या.

निघताना वामनरावांनी ओल्या फडक्यात पानं बांधून दिली, दहा-बारा संत्री दिली, आणि एक कोहळं. कोहळं! पाच-सहा किलोचं तरी असेल.

"भाऊ, हे कोठी ठेवू?"

"डोक्यावर टोपी त हायच, त्याच्यावर ठेवा," म्हणून ते स्वतःच हसले आणि ते त्यांनी शालूच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून टाकलं.

चढ आला की माझी सायकल मागं ओढायची. शालूची डोलायची. मी तिचा श्वास ऐकत होते आणि तिचं लक्ष नाही असं मला वाटत होतं.

"शके," ती पुढं बघतच म्हणाली, "तुये नातेवाईक आज सगळे रस्त्यावरच काहून बसून राह्यले वं?"

"थंडी हाय ना. ऊन खाऊन राह्यले असतील."

तिनं उगाच एकदा घंटी वाजवली.

अकोटला पाऊण वाजता पोचलो. अकोटात माझी नणंद रागिणी. तिच्याकडं तर पाटच मांडलेले. पुरणपोळी, वर तुपाची धार, वांग्याची भाजी, कढी. मी घड्याळाकडं पाहिलं, अजून वीस किलोमीटर होते. ओझं तरी कमी करावं म्हणून मी एक शक्कल लढवली. मुगवड्यांची पिशवी काढून रागिणीच्या हाती दिली. "घे वं बाई, तुयासाठी आणल्या."

रागिणीनं पिशवी उलटी केली, सुलटी केली, काठ बोटात धरला.

"वहिनी, हे त म्यां गोदाबाईले देल्लेलं लुगडं. मायाच घराच्या वास्तुशांतीचं."

मी ताटात पाहू लागले.

"म्हंजे तुमी गोदाबाईकडं बी थांबल्या? मंग तिनं सांगतलं नाई मले फोनवर! काल त म्हणे, मी नुसतं पाणी पाजीन, चेहरा पाहून घेईन, शकुननं सांगतलं तसं." ती पोळीवर तूप सोडत बोलतच राहिली. तिच्या मनात काही नव्हतं. "शालूताई, तुमी निवांत जेवा बरं. वहिनीनं लय काळजीनं सांगतलं आमाले, का तुमची छाती नाजूक हाय, मधात कोठी पडल्या-झडल्या त..."

शालूनं हातातला घास ताटात ठेवला.

रागिणी कढी आणायला आत गेली. शालूनं माझ्याकडं पाहिलं.

"किती घरं हायेत अजून?"

"एक."

"कोठी?"

"अडगावले. चतुरामामी."

"किशोर पोरगा हाय माया. त्याले भेव वाटते, वाटू दे. तू काहून वं, शके? तू त मले सायकल शिकवली."

मी खोटं बोलणार होते. ऊन, पाणी, रस्ता, सोय, असं काहीतरी. पण खरंच बाहेर पडलं. "दवाखान्यात तुले आत नेलं ना, तवा नर्सनं तुयी चप्पल मायाजवळ देल्ली. प्लास्टिकच्या थैलीत. दोन घंटे मी ती मांडीवर घेऊन बसली होती. तवापासून मले..."

शालूनं पाटावरून एक पाय पुढं केला. मोजा मळलेला, अंगठ्याजवळ मळ्यातली माती.

"हे पाह्य. पाय माया हाय. जोडे बाहेर हायेत, आन् ते मीच घालणार हावो. तुले धरून बसाचं काम नाई आता."

मग तिनं घास उचलला, खाल्ला, हात धुतला आणि फोन लावला.

"किशोर, पिकप घेऊन अकोटले ये. हाव, आता. रागिणीमावशीकडं."

संपलं, म्हटलं. माझ्या चार फोनांनी ही गोष्ट अकोटातच संपवली.

किशोर दीड तासात आला. पिकपमध्ये सायकलींना ओरखडे पडू नयेत म्हणून जुनी गादी अंथरलेली, बांधायला दोन नवे दोर. आल्या आल्या त्यानं आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं, मग पुन्हा तोंडाकडं. त्याचे खांदे खाली आले. इतकं हलकं झालेलं माणूस मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बरं केलं, आई. त्याच्यात काई कमीपणा नाई."

"हाव ना," शालू म्हणाली. "पकड हे कोहळं."

त्यानं पकडलं.

"ही डाळ. ही केळं. संत्री खालतं ठेव, दबतील. पानं तुया बाबाले दे, सांग वामनरावच्या मळ्यातली हायेत, आपल्यापेक्षा चांगली हायेत. घरी ने सगळं."

"आन् सायकली?"

"सायकलीवर आमी बसणार हावो. दिवस बुडाला काय?"

त्यानं वर पाहिलं. तीन वाजायला आले होते, ऊन अंगणभर होतं.

"नाई," तो म्हणाला. कोहळं छातीशी धरून तो तसाच उभा राहिला आणि आम्ही निघालो. गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. तो तिथंच होता.

ओझं गेल्यावर सायकली कशा पळाल्या म्हणून सांगू! उन्हं समोरून डोळ्यांत येत होती, तरी शालू पुढं आणि मी मागं. तिनं मला एकदाही पुढं जाऊ दिलं नाही. मीही तिचे श्वास मोजायचं सोडून दिलं. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला.

अडगाव आलं तेव्हा सव्वाचार झाले होते. आठ किलोमीटर राहिले होते. आता कुठंही न थांबता गेलं की वेळेच्या आधी हिवरखेड.

"मामीले मी उद्या फोन करीन," मी म्हटलं. "सरळ चाल."

रस्त्याला लागूनच मामीचं घर. घरासमोर निंबाखाली प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत चतुरामामी. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांना जेमतेम दिसतं. मांडीवर स्टीलचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. सायकलची चाहूल लागली की ती मान वर करी. एक पोरगी शाळेतून सायकलवर गेली, तर मामीनं तिलाच हाक मारली, "शकुन हाय काय?"

मी पॅडल मारतच होते. थांबली ती शालू.

"शालू, दिवस..."

"म्हातारी सकाळपासून बसली असन वं," ती म्हणाली, आणि सायकल स्टँडवर लावली.

"मामी, मी शकुनची मैत्रीण. शालू."

मामीनं डबा खाली ठेवला आणि शालूचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. कपाळ, गाल, हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा. मी तिला सांगितलं होतं ना, चेहरा पाहून घे म्हणून. तिला दिसत नाही, पण तिनं काम नेटानं केलं.

"चांगली त हायेस बाप्पा," ती म्हणाली. "शकुन म्हणे नाजूक हाय. घाम येऊन राह्यला तुले, म्हंजे चांगली हायेस. नाजूक बाईले घाम येत नाई."

शालू हसत सुटली. मलाही हसू आलं, आणि डोळे कसे कोण जाणे, ओले झाले. डब्यात तिळाचे लाडू होते. मामीनं आम्हाला बसवून खाऊ घातले, आणि नंतर प्रत्येकीनं आपल्या सगळ्या नातवंडांची नावं सांगेपर्यंत हात सोडला नाही. मी घड्याळ पाहिलं, शालूनं पाहिलं नाही. उरलेले लाडू डब्यासकट वानोळा म्हणून आलेच. हा वानोळा शालूनं स्वतः घेतला, कॅरिअरला बांधला, वर दोनदा थोपटलं.

पाच वाजून गेले होते.

मग मात्र आम्ही सायकली हाणल्या. कपाशीच्या गाड्या घराकडं वळलेल्या, रस्त्यावर धूळ, समोर सूर्य तांबडा होत खाली येत होता. कोणी दोर सोडून विहिरीत बादली उतरवावी तसा. शालू उठून उभी राहत पॅडल मारत होती. मी एकदाच म्हटलं, "हळू." ती म्हणाली, "गप."

हिवरखेड तीन किलोमीटरचा दगड आला. त्या दगडापाशी सूर्य बुडाला. समोर, स्पष्ट, शेताच्या बांधामागं. शालूनं ब्रेक लावला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि ती नुसती तिकडं पाहत राहिली. मी तिच्या बाजूला जाऊन थांबले. बोली ती बोली. लाडू खाल्ले नसते तर, असं तिनं म्हटलं नाही. मीही नाही.

मागून हॉर्न वाजला. पिकप. मागं ती गादी आणि दोर तसेच होते.

किशोर उतरला. त्यानं आधी हातातला बटवा पुढं केला. "केळाच्या थैलीत होता. घरी गेल्यावर सापडला. सातची गोळी हाय ना तुयी?"

शालूनं छातीजवळचा खिसा चाचपला, मग कॅरिअर, मग माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघींनाही त्या गोळ्यांची आठवण नव्हती. या एका गोष्टीवरून तो आम्हाला सहा दिवस नाही, सहा वर्षं बोलू शकला असता. मी त्याची वाट पाहत होते.

शालूनंच सुरुवात केली. ती कधी बोलीतून पळणारी बाई नाही. सायकलीवरून उतरली, सायकल त्याच्याकडं सरकवली आणि म्हणाली, "घे. दिवस बुडाला."

किशोरनं हँडल धरलं. पश्चिमेकडं पाहिलं. तिथं नुसता तांबूस पट्टा होता आणि त्यावर घरी परतणारे बगळे. मग त्यानं आईकडं पाहिलं. घामानं चिकटलेले केस, हेल्मेट वाकडं झालेलं, आणि पाय रस्त्यावर घट्ट रोवलेले. अमरावतीच्या त्या कॉटवर तिला पाहिल्यापासून तिला असं उभं त्यानं पाहिलं नसावं. मी तरी नव्हतं.

त्यानं सायकल परत तिच्याकडं सरकवली.

"कोठी बुडाला?" तो म्हणाला. "मले त दिसून राह्यला."

"कोठी दिसून राह्यला बे?"

"तो काय तठी. मोठा हाय ना चांगला. तुमा दोघींचे डोळे कमजोर झाले, आई. चाला, लवकर चाला, बुडायच्या आत पोचाचं हाय ना?"

शालू त्याच्याकडं पाहत राहिली. मग डब्यातून एक लाडू काढून तिनं त्याच्या तोंडात कोंबला, तो काही आणखी बोलायच्या आत, आणि सायकलीवर बसली.

तो लाडू चावत गाडीत जाऊन बसला. आम्ही पॅडल मारायला लागलो, तशी त्यानं गाडी आमच्या मागं हळूहळू सोडली. आणि सूर्य एवढा चांगला दिसत असताना, पहिलं काम त्यानं काय केलं असेल, तर दोन्ही हेडलाईट लावले.